बोकारू मोठा की शिझुमे?

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना पुरेल इतकं सगळं होतं. जंगल कुठलं ते विचारू नका. विचारलंत तर मला नकाशा काढावा लागेल, आणि नकाशा निघाला की तिथे कोणीतरी रिसॉर्ट बांधेल.

त्या जंगलात ओढ्याकाठी बेहड्याचं एक मोठं झाड होतं. झाडावर वानरं राहायची, झाडाखाली चितळांचा कळप चरायचा. वानरं अर्धा पाला खायची आणि अर्धा खाली टाकायची. ती उदार होती असं नाही. वानरांना जेवायची शिस्त नसते, इतकंच. खाली पडलेला पाला चितळांना आयता मिळायचा.

वानराचे डोळे लांबचं बघतात. चितळाचं नाक लांबचं हुंगतं. म्हणून बिबट्या दिसला की वानराने वरून ‘खॅक’ असं ओरडायचं, बिबट्याचा वास आला की चितळाने खालून पाय आपटायचा, आणि मग सगळ्यांनी पळायचं, असा तिथला रिवाज होता. तो कुठेही लिहून ठेवलेला नव्हता. बहुधा म्हणूनच इतकी वर्षं टिकला होता.

कळपात बुंदी नावाची एक तरुण हरणी होती. अंगावर ठिपके जरा जास्तच, म्हणून बुंदी. ती अबोल होती, पण तिचं डोकं आतून सतत तापलेलं असायचं. जंगलात सगळं चुकीचं चाललंय, ते बदललं पाहिजे आणि आजच्या आज बदललं पाहिजे, असं तिला वाटायचं. नेमकं काय बदलायचं ते तिने ठरवलेलं नव्हतं. पण घाई होती.

बुंदीला एक आत्या होती, शकूआत्या. लहानपणी मागचा पाय दगडांत अडकून वाकडा झालेला. सगळा कळप जितक्या वेळात झाडीत शिरायचा, त्याहून आत्याला तीन उड्या जास्त लागायच्या. आई गेल्यापासून बुंदीला या आत्यानेच वाढवलं होतं, आणि बुंदी रोज मनातल्या मनात त्या तीन उड्या मोजायची.

त्या तीन उड्यांची सोय भुऱ्या करायचा.

भुऱ्या म्हणजे बेहड्यावरचा राखणदार वानर. बुंदीचा लहानपणापासूनचा मित्र. त्याचा आवाज असा की तो खॅकला की ओढ्यापलीकडे झोपलेली रानडुकरं उठून बसायची. गवतात नुसतं शेपूट हललं तरी तो इतक्या लवकर आणि इतक्या जोरात ओरडायचा की आत्याला तीन काय, पाच उड्यांची सवड मिळायची. लंगडत जाता जाता ती वर बघून म्हणायचीसुद्धा, “अरे हळू. बिबट्याआधी तूच मारशील मला.”

आणि बिबट्या कोण? तर मखमलबाई नावाची एक मादी. तिच्याबद्दल वाईट बोलू नका. तिलाही पोट होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एक दिवस जंगलात माणसं आली. वाघ दाखवा, वाघ दाखवा म्हणाली. वाघ दिसला नाही म्हणून चिडली आणि निघून गेली. जाताना त्यांच्या जिप्सीतून एक मोबाइल पडला. तो भुऱ्याने उचलला.

त्या मोबाइलमध्ये एका चित्रमालिकेचे चोवीस भाग भरून ठेवलेले होते. मालिका समुद्रापलीकडच्या बेटावरची होती. त्यातल्या माणसांचे डोळे चितळांइतके मोठे होते, त्यामुळे चितळांना ती लगेच आपली वाटली. भुऱ्या बेहड्याच्या खालच्या फांदीवर बसून दोन्ही हातांत मोबाइल धरायचा आणि रोज दुपारी एक भाग लावायचा. खाली सगळं जंगल जमायचं.

मोबाइल चार्ज कसा व्हायचा, असं कोणीतरी विचारणारच. मुलांनो, गोष्टीत बॅटरी संपत नाही. गप्प ऐका.

मालिकेत दोन नायक होते. एकाचं नाव बोकारू, दुसऱ्याचं शिझुमे.

बोकारूचे केस नारिंगी आणि सगळे वर उभे. तो बोलायचा कमी, ओरडायचा जास्त. एका बैठकीत चौदा वाडगे भात खायचा. हरला की नदीसारखं रडायचा, रडला की उठायचा, उठला की पुन्हा हरायचा. ठोसा मारण्यापूर्वी तो त्या ठोशाचं पूर्ण नाव मोठ्याने सांगायचा, म्हणजे शत्रूचा गैरसमज व्हायला नको. शत्रूही सभ्य. नाव संपेपर्यंत थांबायचा.

शिझुमेचे केस काळे आणि एका डोळ्यावर आलेले. त्याचं सगळं गाव बर्फाखाली गेलं होतं, त्यामुळे तो कड्याच्या टोकाला वाऱ्याकडे तोंड करून उभा राहायचा. कोणी काही विचारलं की म्हणायचा, “हं.” बस, एवढंच. जग बुडायला आलं तरी, “हं.” आणि मग शेवटच्या क्षणी तलवार अर्धीच उपसायचा, की समोरचा डोंगर दोन तुकडे होऊन पडायचा.

दोघांना एकच गोष्ट हवी होती. सातव्या शिखरावरची गादी. म्हणून दोघे एकमेकांचे वैरी होते, आणि एकमेकांवाचून त्यांचं चालतही नव्हतं.

त्यांची भाषा जंगलात कोणालाच येत नव्हती. पडद्यावर खाली अक्षरं यायची. ती अक्षरं फक्त धनेशरावांना वाचता येतात, असं धनेशराव सांगायचे. धनेशराव हा मोठ्या चोचीचा पक्षी, जंगलातल्या सगळ्या सभांचा कायमचा अध्यक्ष. शिझुमेच्या एका ‘हं’चा अर्थ सांगायला त्यांना पाऊण तास लागायचा.

सहाव्या भागापर्यंत जंगलाचे दोन तुकडे झाले होते. तलवारीशिवाय.

बेडूक, रानडुकरं आणि कोंबडे बोकारूचे. मोर, करकोचे आणि पाण्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडे बघत बसणारे सगळे शिझुमेचे. अस्वल कोणाचंच नव्हतं. ते भाताच्या चौदा वाडग्यांसाठी बघायचं.

भाग संपला की धनेशराव तौलनिक चर्चा घ्यायचे. पहिल्याच दिवशी विषय निघाला, दुःख कोणाचं मोठं?

“शिझुमेचं अख्खं गाव गेलं,” मोर म्हणाला.

“बोकारूला आईबाप आठवतसुद्धा नाहीत,” रानडुकराने सांगितलं.

“आठवत नाहीत तर दुःख कसलं?”

“आठवत नाहीत हेच तर दुःख आहे ना बाबा. तुला नाही कळायचं, तू पिसारा सांभाळ.”

या चर्चेला चार दुपारी लागल्या. शेवटी दोघांच्या दुःखांना प्रत्येकी साडेआठ गुण मिळाले आणि विषय पुढे ढकलण्यात आला.

आता एक गंमत बघा. बुंदी आयुष्यात कधी मोठ्याने बोलली नव्हती. ती कोणाची व्हायला हवी? शिझुमेची. ती झाली बोकारूची. आणि भुऱ्या आयुष्यात कधी हळू बोलला नव्हता, तो झाला शिझुमेचा.

“तुला त्या आरडाओरड्यात काय दिसतं?” भुऱ्याने एकदा फांदीवरून विचारलं.

“तो पळत नाही,” बुंदी म्हणाली. “आपण बघ. जन्मल्यापासून पळतोय. आपले आजोबा पळाले, पणजोबा पळाले. कोणीतरी एकदा उलट फिरायला नको का?”

“आणि उलट फिरून करायचं काय?”

“ते फिरल्यावर बघता येईल. तुला त्या मुक्यात काय दिसतं ते सांग.”

भुऱ्या म्हणाला, “मला सगळे लहानपणापासून एकच सांगतात. ओरडू नकोस. आई सांगायची, तुझी आत्या सांगते. शिझुमेला कोणी सांगत नाही. तो नुसता उभा राहिला तरी सगळे त्याच्याकडे बघतात.”

बुंदीला तेव्हा काहीतरी बोलायचं होतं. तुझ्या ओरडण्यावर माझी आत्या जिवंत आहे, असं काहीतरी. पण इतक्यात नववा भाग सुरू झाला.

नुसतं बघून थांबलं असतं तर ठीक होतं. पण चांगल्या गोष्टी बघितल्या की अंगी बाणवाव्यात असं शहाणी माणसं सांगतात. जनावरांनी तेच केलं.

भुऱ्याने बांबूचं एक लांब पान कपाळावर अडकवलं, ते बरोबर डाव्या डोळ्यावर येईल असं. म्हणजे राखणदाराचा एक डोळा बंद झाला. उरलेल्या डोळ्याने तो क्षितिजाकडे बघायला लागला, कारण शिझुमे क्षितिजाकडेच बघतो. बिबटे क्षितिजावरून येत नाहीत, गवतातून येतात, ही बाब तेवढी बाजूला राहिली.

बुंदीने ओरडायचा सराव सुरू केला. आधी आवाज निघेना. मग निघायला लागला तो थांबेना. पूर्वी ती दिवसातून एखादी वेळ पाय आपटायची आणि सगळ्या कळपाचे कान उभे राहायचे. आता ती सकाळपासून पाय आपटायची. घोरपड दिसली, आपट. फांदी हलली, आपट. आणि वर घोषणा करायची, “सप्तशिखरभेदी वज्रखुर लाथ.”

“कोणाला मारतेस गं?” आत्या विचारायची.

“सराव आहे.”

“बरं. पण तो दगड आहे, फुटला तर तुझा खूर फुटेल. उरलेले तीन मला सांभाळायचेत का?”

“आत्या, तू थट्टा कर. एक दिवस मखमलबाई येईल आणि मी जागची हलणार नाही.”

“तू हलली नाहीस तर तिचं काम सोपं होईल, एवढंच.”

दोन दिवसांत कळपाला बुंदीच्या आपटण्याची सवय झाली. कोणी मान वर करेनासं झालं. “बोकारू आली वाटतं,” असं म्हणून बाकीची चितळं पुन्हा चरायला लागायची.

सतराव्या भागाच्या दिवशी सकाळी मखमलबाई ओढ्याच्या वाळूवरून आली. वारा उलटा होता, त्यामुळे चितळांना वास आला नाही. भुऱ्याने मात्र तिला लांबून पाहिलं. उघड्या डोळ्याने, अगदी स्वच्छ. त्याने मान किंचित वळवली, वाऱ्याकडे तोंड केलं आणि म्हणाला, “हं.”

ते त्याच्या शेजारच्या फांदीलाही ऐकू गेलं नाही.

नशीब असं की मखमलबाईचा पाय वाळक्या सागाच्या पानावर पडला. एवढ्या आवाजाने कळप उधळला. आत्या तीन उड्या मागे होती. मखमलबाईचा पंजा तिच्या मागच्या मांडीवरून घसरला आणि आत्या करवंदीच्या जाळीत घुसली. मांडीवर तीन लांब ओरखडे राहिले.

बुंदी धापा टाकत बेहड्याखाली आली.

“तू पाहिलं नाहीस?”

“पाहिलं.”

“मग?”

“मी इशारा दिला.”

“कधी?”

“ज्यांना ऐकायचं असतं त्यांना शांतताही ऐकू येते,” भुऱ्या म्हणाला. हे वाक्य धनेशरावांनी बाराव्या भागात सांगितलं होतं.

“आत्याच्या मांडीवर जाऊन सांग ते.”

भुऱ्याने पानामागून खाली बघितलं. त्याचा चेहरा पडला होता, पण शिझुमेचा चेहरा पडत नाही, म्हणून त्याने तो पुन्हा उचलला. “आणि तू काय करत होतीस? दिवसभर खूर आपटतेस. सकाळी तू खरंच आपटला असतास ना पाय, तरी कोणी वळून बघितलं नसतं.”

हे खरं होतं. खरं होतं म्हणून बुंदीला त्याचा फार राग आला.

“उद्यापासून आम्ही तुझ्या झाडाखाली येणार नाही,” ती म्हणाली. “आत्याला मी बघेन. मला कोणाच्या खॅकची गरज नाही.”

भुऱ्याला खूप बोलायचं होतं, पण शिझुमे अशा वेळी पाठ फिरवतो. त्याने पाठ फिरवली. फांदी अरुंद होती, जवळजवळ पडला.

पुढचे सहा दिवस बुंदीने आत्याला घेऊन उघड्या माळावर चारलं. तिथे पाला नव्हता, सावली नव्हती. गवत असं की चावून चावून जबडा दुखावा. आत्या दिवसभर कुरकुरायची. बुंदीला एक घास सुखाने घेता येत नव्हता. प्रत्येक घासानंतर मान वर, नाक वाऱ्यात, पुन्हा मान खाली. वर कोणी बसलेलं नसलं की खाली किती दमायला होतं, हे तिला तेव्हा कळलं. पण ती कबूल करणार नव्हती. बोकारू काहीच कबूल करत नाही.

मालिका मात्र तिने सोडली नाही. दुपारी ती गर्दीच्या अगदी कडेला येऊन उभी राहायची, भुऱ्याकडे न बघता फक्त मोबाइलकडे बघायची. हे जमायला कठीण असतं. करून बघा.

आणि मग चोविसावा भाग आला. शेवटचा.

सातव्या शिखरावर बोकारू आणि शिझुमे समोरासमोर उभे होते. तेवीस भाग सगळे ज्याची वाट बघत होते ती लढाई. जिंकेल तो मोठा. वाद कायमचा मिटणार होता. सगळं जंगल बेहड्याखाली दाटलं होतं. बेडूकसुद्धा गप्प होते. धनेशरावांनी जाहीर केलं होतं की आज कोणीही, कुठल्याही कारणाने, व्यत्यय आणायचा नाही.

शकूआत्याला या दोघांपैकी कोणीच आवडत नव्हतं. ती गर्दीच्या मागे, ओढ्याच्या अंगाला, खाली पडलेली बेहड्याची फळं चघळत होती. सहा दिवसांनी तिला धड काहीतरी खायला मिळालं होतं.

पडद्यावर बोकारूने मूठ वळली. शिझुमेने तलवारीला हात घातला. आणि त्याच वेळी बुंदीच्या नाकाला वास आला.

ती वळली. आत्याच्या मागे, गवतात, दोन डोळे होते.

बुंदीने पाय आपटला. कोणी वळलं नाही. “श्श,” मोर म्हणाला. “बोकारू, नंतर.”

मग तिने ठरवलं. हीच ती वेळ. ती आत्या आणि गवत यांच्या मधे जाऊन उभी राहिली. मान ताठ, पाय घट्ट. जंगलाच्या इतिहासात पहिल्यांदा कुठलंतरी चितळ उलट फिरलं होतं. तिने छातीत हवा भरली आणि म्हणायला सुरुवात केली, “सप्तशिखर…”

मखमलबाईने मालिकेचे नियम वाचलेले नव्हते. ती नाव संपायची वाट बघणार नव्हती. तिने मागचे पाय आवळले.

“…भेदी…” बुंदी म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की नाव फार लांब आहे.

वर भुऱ्याने पान बाजूला करून हे पाहिलं. त्याच्या हातात मोबाइल होता. मोबाइलमध्ये शिझुमे होता, आणि शिझुमे या क्षणी जे करणार होता ते बघण्यासाठी भुऱ्या चोवीस दिवस जगला होता. शिझुमे ओरडला असता का? नसता. शिझुमे कधीच ओरडला नसता.

भुऱ्या ओरडला.

ते खॅक इतकं कुरूप होतं की त्याचं वर्णन मी करत नाही. मधेच फाटलं, मधेच किंचाळलं, आणि शेवटी त्याला उचकी लागली. दोन्ही हात आपोआप तोंडाशी गेले. मोबाइल सुटला, ओढ्यातल्या खडकावर आपटला आणि काळा पडला.

मुलांनो, शरीराला रिवाज माहीत असतो. डोकं विचार करत राहिलं तरी पाय निघतात. सगळं जंगल उधळलं. आत्याने तोंडातलं फळ न टाकता उडी मारली. एक, दोन, तीन. बुंदीही पळाली. लाथ तशीच राहिली. मखमलबाई रिकाम्या गवतात पडली, उठली, अंग झटकलं आणि निघून गेली.

आत्या वाचली.

आता तुम्हाला वाटेल की जंगलाने भुऱ्याला खांद्यावर घेतलं असेल. तुम्ही लहान आहात.

तासाभराने सगळे परत आले, ते थेट खडकापाशी. मोबाइलभोवती गोल करून उभे राहिले. कोणीतरी त्याला हलवून बघितलं. कोणीतरी त्याच्यावर फुंकर घातली.

“जिंकलं कोण?” रानडुकराने विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं.

“तलवार निघाली होती,” मोर म्हणाला.

“मूठ आधी गेली होती.”

“अरे पण तलवार…”

“व्यत्यय कोणी आणला?” धनेशरावांनी गंभीरपणे विचारलं, आणि सगळ्यांनी वर बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा भरली. विषयपत्रिका अशी होती. एक, शेवटच्या भागाच्या नुकसानीबद्दल खेद. दोन, राखणदार भुऱ्या याचं वर्तन. तीन, नवा राखणदार नेमणे.

बुंदी पुढे गेली. “धनेशराव, आत्या वाचली. ते कुठे घेणार?”

“आयत्या वेळचे विषय,” धनेशराव म्हणाले. “वेळ उरला तर.”

“भुऱ्या ओरडला नसता तर ती मेली असती.”

“ते आम्ही नाकारत नाही. पण चार मिनिटं राहिली होती. चार मिनिटांनी ओरडता आलं असतं.”

“चार मिनिटांनी आत्या नसती.”

“बुंदीताई, तुमच्या भावना समजतात. पण तुम्ही बोकारूपंथी असून एका शिझुमेपंथीयाची बाजू घेताय, याचं आश्चर्य वाटतं.”

“मी ज्याने आत्याला वाचवलं त्याची बाजू घेतेय.”

“म्हणजे तुमचा काही निश्चित विचार दिसत नाही,” धनेशराव म्हणाले आणि टिपण करून घेतलं.

बुंदीला ओरडावंसं वाटलं. दोन आठवडे तिने त्याचाच सराव केला होता. पण आवाज निघाला नाही, आणि निघाला असता तरी ऐकणारे सगळे आपसात भांडत होते. ती मागे फिरली आणि बेहड्याखाली जाऊन उभी राहिली. तिथे आत्या आधीच होती. भुऱ्या सर्वांत खालच्या फांदीवर, पाय लोंबकळत, बसला होता. डोळ्यावर पान नव्हतं.

“माझं चुकलं,” तो म्हणाला. “त्या दिवशी, वाळूवर आली तेव्हा.”

“हो,” बुंदी म्हणाली. “चुकलंच.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “काल तुझा आवाज फार वाईट लागला.”

“माहीत आहे.”

“उचकीपण लागली.”

“माहीत आहे गं.”

“आत्याला आवडला.”

“मी कुठे तसं म्हटलं?” आत्या म्हणाली. “मी म्हटलं, ऐकू आला. आणि तू गं? ती लाथ कुठवर आली होती?”

“भेदीपर्यंत.”

“अजून किती राहिली होती?”

“अर्धी.”

आत्याने नुसतं नाक उडवलं. भुऱ्याला हसू आलं, ते त्याने दाबलं नाही. पाल्याची एक डहाळी तोडली, एक पान खाल्लं आणि बाकीची खाली टाकली. बुंदीने सात दिवसांनी पोटभर खाल्लं.

तिकडे सभा ठरावावर आली होती. ठराव असा, की भुऱ्याला राखणदारीवरून काढावं आणि त्याच्या जागी घुबडाला नेमावं. घुबड शांत आहे, त्याचं व्यक्तिमत्त्व भारदस्त आहे, आणि दिवसा त्याला फारसं दिसत नाही, त्यामुळे व्यत्ययाचा प्रश्न येत नाही.

धनेशरावांनी मतं घेतली. काही म्हणा, जंगलात थोडी लाज शिल्लक होती. आत्याच्या वयाची चितळं, दोन-चार रानडुकरं आणि चक्क अस्वल भुऱ्याच्या बाजूने उभे राहिले. मतं मोजली. बरोबरी झाली. पुन्हा मोजली. या वेळी ठरावाच्या बाजूने एक मत जास्त भरलं. सगळ्यांत मागच्या रांगेत, गवतात, एक पंजा वर होता. ठिपके होते, म्हणून तो चितळाचाच धरला गेला.

“ठराव एका मताने मंजूर,” धनेशराव म्हणाले.

बेहड्याखाली बुंदीच्या नाकपुड्या फुगल्या. तिने वर बघितलं. भुऱ्यानेही तो पंजा पाहिला होता. तो आता राखणदार नव्हता. ओरडायचा त्याला अधिकारच उरला नव्हता, आणि मागच्या रांगेत बसलेल्यांपैकी अर्ध्यांनी नुकतंच त्याच्याविरुद्ध मत दिलं होतं.

“भुऱ्या,” बुंदी हळूच म्हणाली, आणि एकदाच पाय आपटला.

भुऱ्याने खॅक केलं. सभा उधळली. मोर एका दिशेला, रानडुकरं दुसऱ्या दिशेला, ठराव मांडणारे सर्वांत पुढे. एकाही जीवाला ओरखडा आला नाही. आत्या तर दोन उड्या आधीच निघाली होती. धनेशराव उडता उडता सांगत होते की सभा तहकूब झाली आहे, ठराव मात्र कायम आहे.

संध्याकाळी इतिवृत्त लिहिलं गेलं. त्यात नोंद आहे, की माजी राखणदाराने सभेत पुन्हा व्यत्यय आणला, आणि मागच्या रांगेतल्या एका सदस्येला मतदान करूनही उपाशी परत जावं लागलं, याबद्दल सभा दिलगीर आहे.

तात्पर्य: बाळांनो, ओरडून जीव वाचवणारा नेहमी चुकीच्या वेळीच ओरडतो. म्हणून कोणाचा जीव वाचवायचाच असेल, तर मालिका संपल्यावर, सभा उठल्यावर आणि अध्यक्षांची लेखी परवानगी घेऊन वाचवावा. तोवर ज्याचा जीव जाणार आहे त्याने थोडं थांबायला शिकावं.